पोटात वेल उगवेल म्हणून पाणी न पिणारी मुलगी: मुलांना मारल्या जाणाऱ्या थापांविषयी

ताई, आपला प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी तो थोडक्यात पुन्हा मांडते. आपल्या सव्वाचार वर्षांच्या मुलीने सुट्टीत आजोळी कलिंगड खाताना एक बी गिळली. मामाने हसत सांगितले, "आता तुझ्या पोटात वेल उगवणार आणि कानांतून पानं बाहेर येणार." घरी परतल्यापासून ती पाणी प्यायला नकार देते, उन्हात खेळायला जात नाही आणि रात्री पोट दुखते म्हणून रडते. आठ वर्षांचा मोठा भाऊ तीच थाप पुन्हा पुन्हा सांगून तिला चिडवतो. सासूबाईंचे म्हणणे असे की मुले विसरतात, मनावर घेऊ नये. ही भीती काढायची कशी, आणि घरात अशा थापा अजिबात बंद कराव्यात का, हे आपले दोन मुख्य प्रश्न आहेत.

आधी पाण्याचे बघू, कारण उन्हाळ्यात लहान मुलाने पाणी टाळणे ही थांबून पाहण्याची गोष्ट नाही. सहा ते आठ तासांत लघवी झाली नसेल, झालेली लघवी गडद पिवळी असेल, तोंड कोरडे पडले असेल किंवा मूल मलूल झाले असेल, तर भीतीचा विचार नंतर करून बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. तशी वेळ आली नसेल तर ताक, पेज, पातळ आमटी, कोकम सरबत, रसदार फळे यांपैकी तिला जे चालेल ते उघडपणे द्यावे. "हे पाणी नाहीच" असे सांगून मात्र देऊ नये, कारण एका थापेतून बाहेर काढताना दुसरी थाप वापरली, तर ती लक्षात आल्यावर मूल ताकही टाळू लागते.

पोटदुखीकडेही लक्ष द्यायला हवे. पाणी कमी झाले की शौचाला घट्ट होते, पोट फुगते आणि दुखते. आपल्याला ते बद्धकोष्ठ दिसते, पण तिच्या दृष्टीने तो वेल वाढत असल्याचा धडधडीत पुरावा असतो. म्हणजे भीतीमुळे पाणी कमी, पाणी कमी म्हणून पोटदुखी, आणि पोटदुखीमुळे भीती आणखी पक्की, असे हे चक्र आहे. मुले विसरतात हे सासूबाईंचे म्हणणे पुष्कळ वेळा खरे ठरते, पण ज्या मुलाचे शरीरच त्याला रोज आठवण करून देत असते, ते मूल विसरणार नाही.

आता मूळ मुद्दा. आपण लिहिले आहे की ती "फार भाबडी" आहे. मला तसे वाटत नाही. तिने काय काय टाळले ते पाहा: पाणी आणि ऊन. बालवाडीत वाटीत मेथी किंवा धणे पेरून मुलांना हेच दाखवतात की बी रुजायला पाणी लागते आणि रोपाला ऊन लागते. ते ज्ञान तिने स्वतःच्या पोटाला लावले आणि वेलाची वाढ रोखण्याचा तिला सुचेल तो उपाय सुरू केला. तिचा तर्क अगदी बरोबर आहे. चुकीचे आहे ते पहिले गृहीतक, आणि ते तिला एका मोठ्या, आवडत्या, विश्वासातल्या माणसाने दिले आहे. मुले थापा शब्दशः घेतात तेव्हा बहुतेक वेळा असेच घडते. आपण वाक्य टाकून पुढे जातो आणि मूल त्या वाक्याचे सगळे परिणाम एकट्याने काढत बसते.

या वयाला हे इतके सहज का घडते, तेही सांगते. साधारण दीड-दोन वर्षांपासून मुले लुटुपुटीचे खेळ खेळू लागतात. केळे कानाला लावून "हॅलो" म्हणणाऱ्या मुलाला ते केळेच आहे हे पक्के ठाऊक असते, आणि थोड्या वेळाने ते सोलून खातेही. यावरून मोठ्यांचा समज होतो की मुलांना गंमत कळते. पण केळ्याच्या खेळात खरी वस्तू मुलाच्या हातात असते. पोटाच्या आत काय चालले आहे, हे पाहायला त्याच्याकडे काहीच नसते. असतो तो केवळ सांगणाऱ्याचा शब्द. आणि तीन वर्षांच्या आसपासची मुले शब्दावर विलक्षण विश्वास ठेवतात. विक्रम जसवाल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, लपवलेले स्टिकर कुठे आहे हे एक प्रौढ व्यक्ती तीन वर्षांच्या मुलांना सतत चुकीचे सांगत होती, तरीही मुले पुढच्या वेळी तिच्याच सांगण्याप्रमाणे शोधत राहिली. तीच चुकीची खूण बाण ठेवून दिली, तेव्हा मात्र मुले लवकर सावध झाली. बोलणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणे या वयाला जड जाते, आणि ते एका अर्थी योग्यच आहे, कारण भाषा, नाती, धोके हे सगळे मूल विश्वासाच्या बळावरच शिकते.

दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास उमगू लागते. पण "हा माणूस खरे नाही ते मुद्दाम बोलतो आहे, मला फसवायचे म्हणून नाही तर आपण दोघांनी हसावे म्हणून", ही समज त्याच्याही पुढची आहे. ती पाच-सहाव्या वर्षी उगवते आणि आठ-नऊपर्यंत हळूहळू पक्की होते. मामाचे मिचकावलेले डोळे, लांबवलेला सूर, कानातून पाने येण्याची अतिशयोक्ती या सगळ्या मोठ्यांना समजणाऱ्या खुणा आहेत. सव्वाचार वर्षांच्या मुलीने त्या पाहिल्या असतील, पण त्यांचा अर्थ तिला लागला असेलच असे नाही.

येथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते, हे मान्य करायला हवे. तीच थाप ऐकून एखादे मूल "मग मला रोज कलिंगड मिळेल" म्हणून नाचते. मुलाचा स्वभाव, सांगणाऱ्याशी असलेले नाते, त्या दिवसांत घरात आलेले नवे बाळ, बदललेले घर, कोणाचे आजारपण यांमुळे फार फरक पडतो. म्हणून कोणती थाप चालेल आणि कोणती नाही, याची पक्की यादी मी पालकांना देत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी तपासायला सांगते. सांगितलेली गोष्ट मुलाला स्वतः पडताळून पाहता येते का? आणि मुलाने "खरंच?" असे गंभीरपणे विचारले, तर सांगणारा त्याच क्षणी थाप उलगडायला तयार आहे का?

"तुझं नाक मी घेतलं" म्हणून अंगठा दाखवणारे आजोबा या कसोटीला उतरतात, कारण दोन वर्षांचे मूल आपल्या नाकाला हात लावून पाहू शकते, आणि रडू लागले तर आजोबा नाक लगेच परत लावतात. पडल्यावर "मुंगी मेली बघ" म्हणणेही बहुधा निभावते, कारण जमिनीकडे पाहून मूल स्वतःच ठरवते. क्वचित एखादे हळवे मूल मुंगीसाठीच रडते, तेव्हा मुंगी पळून गेली असेल असे दोघांनी मिळून शोधावे. उचकी लागली की "काय चोरून खाल्लंस?" हा प्रश्न मात्र मला पूर्वीपासून खटकतो. उचकी थांबवण्यासाठी दचकवण्याचा हा आपला घरगुती उपाय, पण नियम कसोशीने पाळणारे मूल या खोट्या आळाने खरोखर दुखावते, आणि त्याने चोरले नाही हे ते कशानेही सिद्ध करू शकत नाही.

"चॉकलेट संपलं", "मोबाइलची बॅटरी गेली", "बाहुली काऊने नेली", अशा वेळ मारून नेणाऱ्या थापांवर फार लिहीत नाही. थकलेल्या संध्याकाळी त्या तोंडून निघतात, त्यांनी कोणाचे बालपण बिघडत नाही. पण "आज आणखी चॉकलेट नाही" हे साधे वाक्य त्याहून सोपे असते, कारण मग डबा लपवत बसावे लागत नाही.

खरी चिंता मला धाकाच्या आणि आपलेपणावरच घाव घालणाऱ्या थापांची वाटते. बागुलबुवा, झोळीवाला, पोलीस आणि सुई टोचणारे डॉक्टर यांच्या नावाने मुलांना जेवायला आणि झोपायला लावले जाते. मूल गप्प बसते, म्हणून उपाय चालला असे वाटते. पण जत्रेत किंवा रेल्वे स्थानकावर हरवलेल्या मुलाने ज्या गणवेशधारी माणसाकडे जायला हवे, त्याच्यापासूनच ते लपून बसेल. पाच-सहा वर्षांचे झाल्यावर लसीचा बूस्टर घेण्यासाठी ज्या दवाखान्यात न्यायचे, तो शिक्षेची जागा झालेला असेल. (तेथे "अजिबात दुखणार नाही" हीसुद्धा थापच आहे, "टोचल्यावर क्षणभर दुखेल, मी हात धरून बसेन" हे मुलांना पुरते.) आणखी एक परिणाम कमी लक्षात येतो. गिळलेल्या वस्तूमुळे भयंकर काहीतरी होते असे मनात बसलेले मूल पुढे नाणे किंवा खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्यावर सांगत नाही, लपवते. नाणे बहुतेकदा निघून जाते. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. कलिंगडाच्या बीला भ्यायचे कारण नाही आणि बॅटरी गिळल्याचे मात्र तत्काळ सांगायचे, हा फरक मुलाला आपल्याकडूनच कळायला हवा.

"तुला देवळाच्या पायरीवरून आणलं", "तुला बोहारणीकडून घेतलं" ही तर लाडाची थाप समजली जाते. काका, आत्या, शेजारी सगळे तिच्यात सामील होतात. माझ्याकडे एक पालक आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. जुने कपडे द्यायला काढले की तो किंचाळून गाठोडे सोडायचा आणि कपडे परत कपाटात कोंबायचा. बरेच बोलल्यावर उलगडले की आत्याने त्याला सांगितले होते, "आईने जुन्या साड्या देऊन तुला बोहारणीकडून घेतला." बोहारीण दारावर येते, कपडे घेते आणि भांडी देते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. मग आईने आणखी कपडे दिले तर दुसरा मुलगा येईल, किंवा बोहारीण आपल्याला परत मागेल, हा त्याचा निष्कर्ष होता. घरातले सगळे त्याच्यावर जीव टाकत होते. तरीही आपण या घरचे आहोत का, हा प्रश्न तो अनेक महिने एकट्याने वागवत होता. हे केवळ आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिका आणि चीन येथील पालकांचा एक तुलनात्मक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलाला ऐकायला लावण्यासाठी खोटे बोलतो असे दोन्हीकडच्या बहुसंख्य पालकांनी सांगितले, आणि "आला नाहीस तर तुला इथेच सोडून जाईन" ही त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी थाप होती. मुलाच्या आपलेपणाशी खेळणारी थाप, मग ती कितीही प्रेमाने मारलेली असो, मी पूर्ण बंद करायला सांगते. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

आता आपल्या मुलीसाठी काय करावे ते सांगते. थाप ज्याने मारली त्यानेच ती मागे घ्यावी, हे सर्वांत परिणामकारक ठरते. मामाला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि काय बोलायचे ते आधी ठरवून द्या: "पोटात वेल उगवतो असं मी म्हणालो होतो ना, ते खरं नव्हतं, मी गंमत म्हणून म्हणालो. गिळलेली बी शीतून बाहेर पडते." एवढेच, सरळ चेहऱ्याने. "अगं वेडाबाई, एवढंही कळलं नाही?" असे म्हणून सगळे हसले, तर ती भीती बोलून दाखवणे बंद करेल आणि आपल्याला वाटेल की भीती गेली.

त्यानंतर तिच्याकडून तिचे चित्र काढून घ्या. "पोटात काय काय असतं असं तुला वाटतं?" असे विचारून कागद-खडू द्यावेत. या वयाची मुले बहुधा पोट म्हणजे एक रिकामी पिशवी काढतात, ज्यात खाल्लेले सगळे पडून राहते. तशा पिशवीत बी राहणारच! तिच्याच चित्रावर अन्नाचा रस्ता काढून दाखवा: तोंडातून आत, पोटात घुसळले जाणे, लांब नळीतून पुढे, आणि बी दोन-तीन दिवसांत बाहेर. सुट्टीतली ती बी केव्हाच निघून गेली आहे, हे सांगितल्यावर पुष्कळ मुलांचा चेहरा तेथेच सैल होतो.

मग एक प्रयोग करा. दोन वाट्यांत मूठभर मटकी घ्यावी, एकीत पाणी आणि दुसरीत लिंबाचा नुसता रस. पोटात अन्न पचवणारा आंबट रस असतो, जवळजवळ लिंबाच्या रसासारखा, हे तिला सांगावे आणि कोणत्या मटकीला मोड येतील याचा अंदाज आधी तिलाच करू द्यावा. रात्रभर भिजवून दोन्ही वेगवेगळ्या फडक्यांत बांधल्या की पाण्यातल्या मटकीला दिवसाभरात मोड येतील आणि रसातली तशीच राहील. ती हुशार असेल, आणि पत्रावरून ती आहेच, तर विचारेल की मग पक्ष्यांनी खाल्लेल्या बियांपासून भिंतीवर पिंपळ कसा उगवतो. त्याचे उत्तरही खरेच द्यावे: पिंपळाची बारीक, टणक बी पक्ष्याच्या पोटातून न पचता बाहेर पडते आणि बाहेर पडल्यानंतर, भेगेत माती आणि ओल मिळाल्यावर रुजते. आत कधीच नाही.

एवढे केल्यावरही दोन-चार रात्री ती पोटावर हात ठेवून विचारेल, "नक्की नाही ना?" त्याने त्रासून जाऊ नका. पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामे खोके दाखवून आत एक प्राणी असल्याची नुसती कल्पना करायला सांगितली होती. खोके रिकामे आहे हे मुलांना माहीत होते, तरीही खोलीत एकटी राहिल्यावर त्यांतल्या कितीतरी मुलांनी खोक्याजवळ जाऊन पाहिले, आणि आत खरेच काही असेल का असे वाटल्याचे काहींनी नंतर सांगितले. खरे काय ते कळणे आणि भीती ओसरणे यांत काही काळ जातो. दर वेळी तेच छोटे उत्तर, त्याच शांत सुरात द्यावे. ताक-सरबत मुबलक जाऊ लागले, शौच सैल झाले आणि तरीही दोन आठवड्यांनंतर ती पाणी टाळत असेल किंवा जेवण-झोप बिघडलेलीच असेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटावे. त्या वेळी वेलाच्या आड दुसरी एखादी काळजी असण्याची शक्यता मी धरते.

थापा अजिबात बंद कराव्यात का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. कल्पनेशिवाय वाढलेले बालपण मला नको वाटते, आणि आपल्या परंपरेकडे याची फार चांगली सोय आहे. "एक होती चिऊ, एक होता काऊ" असे म्हटल्यावर काऊचे शेणाचे घर वाहून जाते, तरी पावसात कावळ्यांना वाचवायला कोणतेच मूल धावत नाही. "आटपाट नगर होतं" हे शब्द ऐकताच मूल गोष्टीच्या प्रदेशात शिरते आणि "सुफळ संपूर्ण" झाल्यावर बाहेर येते. थापेला असा उंबरठा नसतो. मूल ज्या घरात जेवते आणि झोपते, त्याच घरात ती शिरते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला, तेव्हापासून मुलांना भीती दाखवण्याला त्यांचा ठाम विरोध होता, आणि त्याच वेळी गोष्ट त्यांच्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी होती. या दोहोंत विसंगती नाही. मामाची कल्पनाशक्ती वाया घालवू नका. "एक होता राजा, त्याने गिळली कलिंगडाची बी" असे त्याने सुरू करावे आणि पुढे काय झाले ते भाचीने सांगावे. राजाच्या कानातून पाने आली तरी हरकत नाही, कारण ती पाने आता तिने आणलेली असतील.

पडलेला दात उंदराला देण्याविषयीही आपण विचारले आहे. अजून वर्ष-दोन वर्षांनी तो प्रश्न येईल. दात उंदराच्या बिळाजवळ किंवा कौलावर टाकावा, उंदराच्या दातासारखा बळकट दात येतो, हे "आपल्याकडे असं म्हणतात" या शब्दांत खुशाल सांगावे. तिने "उंदीर खरंच देतो का?" असे मनापासून विचारले, की नवा दात हिरडीत आधीच तयार होत असतो हे सांगावे. प्रथा त्यानंतरही पाळता येते आणि मुले ती आनंदाने पाळतात.

राहिला मोठा भाऊ. आठव्या वर्षी थाप ओळखता येणे ही त्याला नुकतीच मिळालेली ताकद आहे, आणि ती तो बहिणीवर वापरून पाहतो आहे. त्याला नुसते दटावून काम होणार नाही, आणि "चिडवलंस तर मामा तुला कधीच नेणार नाही" असे खोटे तर मुळीच सांगू नका. लेस्ली कार्व्हर आणि चेल्सी हेज यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, ज्या शाळकरी मुलांना प्रयोग घेणाऱ्या व्यक्तीने आधी खोटे सांगितले होते, ती मुले नंतर मना केलेली वस्तू चोरून पाहण्याकडे आणि त्याबद्दल खोटे बोलण्याकडे अधिक झुकली. तीन-चार वर्षांच्या मुलांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे या वयातली मुले आपले खोटे ओळखतात आणि त्यावरून आपल्याशी कसे वागायचे ते ठरवतात. त्याला बाजूला घेऊन सांगा की बहीण पाणी पीत नाही म्हणून आजारी पडू शकते, आणि थाप तिला त्याच्याइतकी समजत नाही. मटकीच्या दोन्ही वाट्यांवर चिठ्ठ्या लावणे आणि सकाळ-संध्याकाळ मोड तपासून वहीत लिहिणे ही कामे त्याच्याकडे द्या. रसातल्या मटकीला मोड आले नाहीत, हे त्यानेच तिला दाखवावे.